‘किरणोत्सार-संरक्षक’ कॅप्सूल: सांगलीत घेतलेली बाटली आणि मिरजेत पडलेले प्रश्न

यंदाच्या मार्च महिन्यात सांगलीच्या बाजारपेठेतील एका जुन्या दुकानातून मी साठ कॅप्सूलांची एक बाटली 1,180 रुपयांना विकत घेतली. पुढच्या दर्शनी बाजूला मसाले, हळद, बेदाणे आणि आतल्या बाजूला आयुर्वेदिक औषधे, अशी त्या दुकानाची मांडणी आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘किरणोत्सारापासून नैसर्गिक संरक्षण’ असे छापलेले असून सोबत चार पानी माहितीपत्रक येते. या लेखात मी दुकानाचे आणि उत्पादकाचे नाव लिहिलेले नाही, कारण अशाच मजकुराच्या निदान तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या गेल्या दोन वर्षांत मी रुग्णांच्या पिशव्यांमध्ये पाहिल्या आहेत, आणि जे म्हणायचे आहे ते त्या सर्वांना सारखेच लागू पडते.

मी मिरजेतील एका रुग्णालयात किरणोपचार विभागात तंत्रज्ञ म्हणून चौदा वर्षे काम करते. रुग्णाला टेबलावर नीट झोपवणे, त्वचेवर काढलेल्या खुणा यंत्राच्या प्रकाशरेषांशी जुळवणे, ठरलेली मात्रा ठरलेल्या जागी पडते आहे ना याची खात्री करणे, हे माझे रोजचे काम. ही बाटली विकत घेण्याचे कारण मात्र घरचे होते. माझ्या मावशीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया जानेवारीत झाली आणि त्यानंतर तिला पंधरा दिवसांचा किरणोपचार, म्हणजे तिच्या भाषेत ‘लाईट’, सांगण्यात आला. पहिल्या दिवशी ती भिलवडीहून आली तेव्हा तिच्या कापडी पिशवीत फाइल, भाकरीचे फडके आणि या कॅप्सूलची अर्धी संपलेली बाटली होती. ‘लाईटनं आतलं जळतंय म्हणत्यात, म्हणून शेजारच्या वहिनींनी आणून दिली,’ असे तिने मला सांगितले. तिची बाटली मी माझ्याकडे ठेवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीनंतर सांगलीला जाऊन स्वतःसाठी एक नवी, सीलबंद बाटली आणली, म्हणजे लेबल आणि पत्रक दोन्ही पूर्ण वाचता येईल.

लेबलप्रमाणे प्रत्येक कॅप्सूलमध्ये हळदीचा अर्क आहे, ज्यात 300 मिलिग्रॅम कर्क्युमिन मिळते. त्याशिवाय तुळशीच्या पानांचा अर्क 100 मिलिग्रॅम, आवळा 75 मिलिग्रॅम, सुंठ 50 मिलिग्रॅम आणि काळ्या मिरीचा अर्क, म्हणजे पायपरीन, 5 मिलिग्रॅम आहे. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर दोन-दोन कॅप्सूल घ्याव्यात असे सांगितले आहे, म्हणजे एक बाटली पंधरा दिवस पुरते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य आहे, आणि पत्रकात मात्र एक्स-रे, सीटी स्कॅन, किरणोपचार, मोबाइलचे टॉवर आणि अणुभट्टीतील अपघात अशा पाचही ठिकाणी ही कॅप्सूल ‘कवच’ ठरते असे लिहिले आहे. एकाच वस्तूच्या दोन कागदांवर ही दोन विधाने शेजारीशेजारी आहेत, हे खरेदी करणाऱ्याने सर्वांत आधी पाहावे.

वस्तू म्हणून बाटलीत काय आहे ते मी घरी पाहिले. कॅप्सूल उघडून पूड स्टीलच्या ताटलीत काढली, तर रंग नारिंगीकडे झुकणारा दाट पिवळा, वास आधी मिरीचा आणि मग हळदीचा, आणि बोटाला किंचित तेलकट लागणारी. त्यावर पानाच्या डब्यातल्या चुन्याचे दोन थेंब टाकल्यावर पूड लगेच कुंकवासारखी लाल झाली. हळद क्षारात लाल होते, त्यामुळे आत हळदीचाच अर्क आहे इतके या परीक्षेवरून कळते. किती आहे, किती शुद्ध आहे, हे कळत नाही. कॅप्सूल गिळायला सोपी आहे, पोटात जळजळ होत नाही, बाटलीचे झाकण चांगले बसते. एवढ्यापुरती तक्रार काहीच नाही. प्रश्न पत्रकातील दाव्याचा आहे, आणि तो समजण्यासाठी किरणांमुळे शरीरात नेमके काय होते हे थोडे सविस्तर सांगावे लागेल.

आपल्या शरीरात साधारण साठ टक्के पाणी आहे. क्ष-किरण किंवा गॅमा किरण पेशीतून जातात तेव्हा त्यांची बरीच ऊर्जा या पाण्याच्या रेणूंवर खर्च होते, ते रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय आक्रमक मुक्तकण तयार होतो, जो शेजारच्या डीएनएच्या धाग्यावर तुटून पडतो. क्ष-किरणांनी होणाऱ्या डीएनएच्या नुकसानीपैकी साधारण दोन-तृतीयांश भाग या आडवाटेने होतो, असे मानले जाते. हा मुक्तकण सेकंदाच्या अब्जांश भागाइतकाच टिकतो. याचा अर्थ असा की, त्याला अडवणारा पदार्थ किरण पडण्याच्या क्षणी पेशीच्या आत, पुरेशा प्रमाणात, आधीपासून हजर असला पाहिजे. किरण पडून गेल्यावर घेतलेला पदार्थ हे काम करू शकत नाही, आणि जेवणानंतर घेतलेला पदार्थ आतड्यातून रक्तात किती पोहोचला आणि तिथून त्या पेशीत किती, यावर सगळे अवलंबून राहते.

नैसर्गिक पदार्थ हे काम करू शकतात ही कल्पना खोटी नाही, हे मी आवर्जून सांगते, कारण अशा बाटल्यांवर टीका करताना अनेकदा मूळ विज्ञानालाच थट्टेवारी नेले जाते. 1949 साली अमेरिकेत हार्वे पॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, सिस्टीन हे साधे अमिनो आम्ल उंदरांना किरण देण्याआधी टोचले तर पुष्कळ उंदीर जगतात. सिस्टीन आपल्या रोजच्या अन्नातील प्रथिनांतही असते. त्या प्रयोगातून स्फूर्ती घेऊन शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेने चार हजारांहून अधिक संयुगे तपासली आणि त्यातून अ‍ॅमिफॉस्टिन हे औषध हाती लागले. डोके-मानेच्या कर्करोगात किरणोपचारामुळे तोंड कोरडे पडते, ते कमी करण्यासाठी अमेरिकेत 1999 मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते शिरेतून, किरण देण्याच्या थोडे आधी द्यावे लागते, आणि त्याने रक्तदाब खाली येतो, उलट्या होतात, म्हणून त्याचा वापर मर्यादितच राहिला आहे. पन्नास वर्षांच्या शोधाचे फळ एवढे असेल, तर जेवणानंतर घ्यायच्या एका कॅप्सूलविषयी ‘सिद्ध’ हा शब्द लिहिताना किती जपायला हवे, याचा अंदाज वाचकांना येईल.

आपल्या देशातही या विषयावर खरोखरच गंभीर काम झाले आहे. मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात पी. उमा देवी आणि त्यांच्या गटाने तुळशीच्या पानांतील ऑरिएंटिन आणि विसेनिन ही दोन फ्लॅव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींत आढळणारी संयुगे, वेगळी काढली, ती उंदरांच्या पोटात टोचली, त्यानंतर गॅमा किरण दिले, आणि अशा उंदरांचे जगण्याचे प्रमाण वाढलेले त्यांना आढळले. दिल्लीच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या ‘इनमास’ या प्रयोगशाळेत हिमालयातील पोडोफायलम आणि सीबकथॉर्न या वनस्पतींच्या अर्कांवर असेच प्रयोग झाले. यातील पोडोफायलम ही विषारी वनस्पती आहे आणि तिच्यातील मूळ संयुगापासूनच एटोपोसाइड हे कर्करोगावरचे औषध बनवले जाते, म्हणजे वनस्पती ‘नैसर्गिक’ आहे म्हणून ती सौम्य असेल असे गृहीत धरण्याला जागा नाही. आवळा, आले, बेल, जांभूळ यांच्या अर्कांवरचे प्राण्यांवरील प्रयोगही प्रसिद्ध झाले आहेत. माझ्याकडच्या पत्रकात मणिपालच्या तुळशीवरील कामाचा उल्लेख आहे आणि तो खरा आहे. फक्त ते काम उंदरांवर झाले, पदार्थ शुद्ध करून टोचला गेला, आणि तोही किरण देण्याच्या आधी, या तीन गोष्टी पत्रकातून गळाल्या आहेत. कॅप्सूलमधील 100 मिलिग्रॅम तुळशीच्या अर्कात ऑरिएंटिन किती, हे लेबलवर कुठेच लिहिलेले नाही.

माणसांवर प्रयोग का होत नाहीत, असा प्रश्न मला दुकानातही विचारला गेला. किरणोत्सार-आजारासाठी ते शक्यच नाही, कारण निरोगी माणसाला जाणूनबुजून जीवघेणी मात्रा देता येत नाही. म्हणूनच 2015 मध्ये अमेरिकेत फिल्ग्रास्टिम या, अस्थिमज्जेला पांढऱ्या पेशी बनवायला लावणाऱ्या इंजेक्शनला किरणोत्सार-आजारासाठी जी मान्यता मिळाली, ती मुख्यतः माकडांवरील प्रयोगांच्या आधारे मिळाली. पण किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांवर मात्र प्रयोग करता येतात, ते झालेही आहेत, आणि या बाटलीचा मुख्य घटक असलेल्या कर्क्युमिनच्या बाबतीत तर त्याचे निकाल उपलब्ध आहेत. माझ्या मते या परीक्षणाचा गाभा तिथे आहे.

अमेरिकेतील रोचेस्टर येथील संशोधकांनी 2013 मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या तीस स्त्रियांवर एक काटेकोर चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना रोज 6 ग्रॅम कर्क्युमिन दिले आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल. कर्क्युमिन घेणाऱ्यांच्या त्वचेचा दाह कमी होता. ही बातमी जगभर गेली आणि पुढे कित्येक बाटल्यांवर चढली. त्याच गटाने नंतर हीच चाचणी 686 रुग्णांवर केली आणि 2018 मध्ये निकाल जाहीर केला: त्वचेचा दाह कमी करण्यात कर्क्युमिन आणि रिकामी कॅप्सूल यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. आधीचा निकाल तीस जणींचा, नंतरचा 686 जणांचा, आणि पत्रकात फक्त पहिल्याचा उल्लेख आहे. हे मला सर्वांत जास्त खटकले, कारण पहिल्या चाचणीचा शोध ज्याला लागतो त्याला दुसरीचाही लागतोच.

त्यात मात्रेचा हिशेब आणखी वेगळा. चाचणीतील 6 ग्रॅम कर्क्युमिन या कॅप्सूलमधून मिळवायचे तर दिवसाला वीस कॅप्सूल लागतील, म्हणजे बाटली तीन दिवसांत संपेल. मावशीच्या तीन आठवड्यांच्या उपचारासाठी सात बाटल्या आणि 8,260 रुपये. स्वयंपाकघरातल्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के धरले, तर तेवढ्यासाठी रोज 200 ग्रॅम हळद पोटात जायला हवी, जे कोणालाच शक्य नाही. शिवाय पोटात गेलेल्या कर्क्युमिनचा अगदी थोडा भाग रक्तात पोहोचतो, कारण आतडे आणि यकृत त्याचे रूप लगेच बदलून टाकतात. काळ्या मिरीतील पायपरीन त्यासाठीच घातलेले असते: 1998 मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दाखवले की, 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपरीन दिल्यास कर्क्युमिनचे शोषण वीसपट वाढते. पण पायपरीन हे काम यकृताची सफाई यंत्रणा मंद करून करते, आणि ती यंत्रणा फक्त कर्क्युमिनसाठी नसते, रुग्ण घेत असलेल्या इतर औषधांसाठीही असते. मावशीला पुढे टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध घ्यावे लागणार आहे. 2019 मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या 16 रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, कर्क्युमिन आणि पायपरीन एकत्र दिल्यावर टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणाऱ्या मुख्य कामाच्या घटकाचे, एंडॉक्सिफेनचे, रक्तातील प्रमाण सुमारे 12 टक्क्यांनी घटले. लेबलवर ‘कोणत्याही औषधाबरोबर सुरक्षित’ असे वाक्य आहे. ते वाक्य तिथे असायला नको होते. हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही इटलीतून आणि अमेरिकेतून झाल्या आहेत.

आता खरा कळीचा प्रश्न. किरणोपचारात आपण किरण देतो तेच मुळी कर्कपेशीचा डीएनए तोडण्यासाठी, आणि ते तोडण्याचे मोठे काम वर सांगितलेले मुक्तकण करतात. मग मुक्तकणांना अडवणारा पदार्थ आपण गिळला आणि तो खरोखर पेशींत पोहोचला, तर तो निरोगी पेशीला वाचवील आणि कर्कपेशीला वाचवणार नाही, याची हमी कोण देणार? अ‍ॅमिफॉस्टिनचे महत्त्व याच ठिकाणी आहे: ते शरीरात गेल्यावर निरोगी ऊतींमधील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) सक्रिय होते आणि गाठीत ते विकर कमी काम करते, म्हणून संरक्षण बहुतांशी निरोगी बाजूला मिळते. कॅप्सूलमधल्या मिश्रणाला असा भेद करता येतो याचा काहीही पुरावा पत्रकात दिलेला नाही. कॅनडातील क्वेबेकमध्ये डोके-मानेच्या कर्करोगाच्या 540 रुग्णांना किरणोपचाराच्या काळात आणि नंतर व्हिटॅमिन ई देऊन पाहिले होते. सुरुवातीला सोबत बीटा-कॅरोटिनही होते, ते मध्येच थांबवावे लागले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार पूरक घेण्याच्या काळात त्या रुग्णांमध्ये नव्या कर्करोगांचे प्रमाण जास्त आढळले. त्वचेचा दाह थोडा कमी झाला आणि गाठ परत आली, असा व्यवहार कुठल्याही रुग्णाला मान्य होणार नाही. आमच्या विभागातील डॉक्टरांना मी मावशीची बाटली दाखवली तेव्हा त्यांनी लेबल वाचून एवढेच सांगितले की, उपचार पूर्ण होईपर्यंत हे बंद करा, आणि भाजी-आमटीतली हळद नेहमीसारखी चालू ठेवा.

पत्रकातील उरलेल्या दाव्यांबद्दल थोडक्यात लिहिते. किरणोत्सार-आजार होण्यासाठी संपूर्ण शरीरावर, थोड्याच वेळात, साधारण 1 ग्रे (शरीरात शोषल्या गेलेल्या किरण-ऊर्जेचे माप) इतकी मात्रा पडावी लागते. 4 ग्रेच्या आसपास मात्रा पडली आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. चेर्नोबिलमध्ये 1986 साली हा आजार निश्चित झालेल्या 134 जणांपैकी 28 जण पहिल्या काही महिन्यांत गेले. आपल्याकडे 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीतील भंगार बाजारात कोबाल्ट-60 चा स्रोत फोडला गेला आणि त्यात एका कामगाराचा जीव गेला. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा 0.1 मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असते, आणि 1 ग्रे म्हणजे अशा किरणांसाठी 1,000 मिलिसिव्हर्ट. म्हणजे एक्स-रेपासून किरणोत्सार-आजाराची भीती घालणे हे निखालस चुकीचे आहे. मोबाइल टॉवरच्या लहरींमध्ये रेणू फोडण्याइतकी ऊर्जाच नसते, त्यामुळे तिथे मुक्तकणांचा हा सगळा प्रकार लागूच होत नाही. मावशीला मात्र एकूण 40 ग्रे मिळणार होते, हा आकडा ऐकून घरातले सगळे हादरले होते. पण ते संपूर्ण शरीरावर नव्हते, छातीच्या एका भागावर, पंधरा दिवसांत वाटून होते, आणि अस्थिमज्जा, आतडे यांना त्यातून जवळपास काही पोहोचत नव्हते. हा फरक कोणी नीट समजावून सांगितला असता, तर शेजारच्या वहिनींनी ती बाटली कदाचित आणलीही नसती. त्यात आम्हा रुग्णालयवाल्यांचीही कसूर आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

अणुअपघातासाठी खरी औषधे आहेत, पण ती कॅप्सूलसारखी ‘सर्वांसाठी’ नाहीत. पोटॅशियम आयोडाइड फक्त थायरॉइडला आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते. चेर्नोबिलनंतर पोलंडने ते एक कोटीहून अधिक मुलांना दिले होते. प्रशियन ब्लू हा निळा रंगद्रव्य पदार्थ पोटात सीझियमला धरून शौचावाटे बाहेर काढतो, आणि 1987 मध्ये ब्राझीलमधील गोयानियाच्या दुर्घटनेत त्याचा उपयोग झाला. प्रत्येकाचे काम ठरलेले, वेळ ठरलेली. मी स्वतः किरणांच्या शेजारी नोकरी करते, माझ्या खिशाला टीएलडी, म्हणजे अंगावर पडलेली किरणांची मात्रा नोंदवणारा, बिल्ला असतो आणि तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. माझ्यासारख्यांसाठी अणुऊर्जा नियामक परिषदेने घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 इतकी आहे. चौदा वर्षांत मला संरक्षण दिले ते जाड भिंतींनी, बंद दाराने आणि अंतराने: स्रोतापासून दुप्पट दूर गेले की मात्रा चौथा हिस्सा होते. आमच्या विभागातील कोणीही कॅप्सूल घेत नाही.

भारतात या दिशेने चाललेले एक काम मात्र लक्ष ठेवण्यासारखे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा स्मारक केंद्राच्या शास्त्रज्ञांच्या सहभागातून तयार झालेली ‘अ‍ॅक्टोसाइट’ ही गोळी 2024 मध्ये बाजारात आली, ती बंगळूरची आयडीआरएस लॅब्स बनवते, आणि ओटीपोटाच्या कर्करोगात किरणोपचारानंतर लघवीतून रक्त जाण्याचा जो त्रास होतो त्या रुग्णांसाठी ती मुख्यतः सांगितली जाते. तीही खाद्यपूरक म्हणूनच मान्य झालेली आहे. पण एक विशिष्ट त्रास, एक विशिष्ट रुग्णगट, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने, अशी तिची मांडणी आहे. माझ्या हातातल्या बाटलीच्या पत्रकाशी तुलना केली तर जबाबदारीने बोलणे कशाला म्हणतात ते कळते.

दुकानाच्या सेवेबद्दल लिहायचे तर, तिथले मालक वयस्कर आणि अतिशय सौजन्याने बोलणारे आहेत. मी कुठे काम करते हे सांगितल्यावर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, ‘ताई, कंपनीचा माणूस येतो, पत्रक देतो, आम्ही ठेवतो. हळदच आहे म्हटल्यावर वाईट काय होणार, असं वाटलं बगा.’ त्यांच्या बोलण्यात फसवणूक नव्हती. पण किरणोपचार चालू असलेल्या रुग्णाला ही बाटली देताना त्यांनी एकदाही ‘डॉक्टरांना विचारा’ असे म्हटले नव्हते, हेही तितकेच खरे. मी 2018 च्या चाचणीचा निकाल त्यांना मराठीत लिहून दिला आणि त्यांनी तो काउंटरच्या काचेखाली ठेवून घेतला.

याच दुकानातली साधी हळद मात्र मी निःशंकपणे सांगेन. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, वर्षानुवर्षे साठवलेल्या हळदीची कीर्ती त्याच्याही फार आधीची, आणि 2005 च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली तेव्हा माझ्या आजोबांना झालेले दुःख मला अजून आठवते. मालकांनी नव्या हंगामाची राजापुरी हळकुंडे माझ्यासमोर फोडून दाखवली. आतला गाभा एकसारखा केशरी, तुटताना खणखणीत आवाज, आणि हातावर रंग पसरला तरी पावडर लावल्यासारखा उथळ नव्हता. दळून आणलेल्या त्या हळदीचा वास डबा उघडताच घरभर जातो. आमटीत, दुधात, लोणच्यात ती असावी, आणि तिथे ती पुरेशी आहे.

मावशीला उपचाराच्या काळात खरोखर उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने हलक्या हाताने अंघोळ, सैल सुती कपडे, किरण घेण्याआधी त्या भागावर कसलाही जाड लेप नाही, आणि डॉक्टरांनी दिलेले मलम रात्री. हळदीचा लेप लावू नकोस असेही तिला सांगावे लागले, कारण त्याने त्वचेवरच्या खुणा पुसल्या जातात. दहाव्या दिवशी काखेच्या बाजूची त्वचा लालसर-काळी झाली, किंचित खाज आली, आणि उपचार संपल्यावर तीन आठवड्यांत बरीचशी पूर्ववत झाली. तोंड किंवा घशावर किरण घेणाऱ्यांसाठी एक नैसर्गिक पदार्थ खरोखरच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आला आहे, तो म्हणजे मध: 2020 च्या सूचनांनुसार तोंडातील जखमा टाळण्यासाठी तो सुचवला जातो, अर्थात मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून. सुंठेलाही मळमळीवर आधार आहे, पण तो केमोथेरपीच्या रुग्णांचा आहे: 576 रुग्णांच्या एका चाचणीत दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आल्याने पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली होती. या कॅप्सूलमध्ये 50 मिलिग्रॅम आहे.

म्हणून माझे मत असे: बाटलीतली वस्तू भेसळीची वाटत नाही, बांधणी चांगली आहे, पण ज्या कामासाठी ती विकली जाते त्या कामासाठी तिच्यावर 1,180 रुपये खर्च करू नयेत, आणि किरणोपचार, केमोथेरपी किंवा टॅमॉक्सिफेन चालू असेल तर डॉक्टरांना लेबल दाखवल्याशिवाय ती घेऊच नये. घरात आधीच आणलेली असेल, तर बाटली फेकण्यापूर्वी फाइलबरोबर रुग्णालयात घेऊन जावी, आणि किती दिवस घेतली ते न घाबरता सांगावे. त्याबद्दल कोणी रागावत नाही, रागावू नये.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा सांगलीला गेले होते. माझी उघडलेली बाटली मालकांनी परत घेतली नाही, जे रास्तच आहे, पण मावशीच्या शेजारणीने घेतलेल्या दोन सीलबंद बाटल्यांचे पैसे त्यांनी तिथल्या तिथे दिले. काउंटरवरची कॅप्सूलची रांग आता मागच्या फळीवर गेली आहे आणि तिच्यापुढे पेनाने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘लाईट चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.’ पत्रक मात्र अजून तेच आहे.